गिरणी, भट्टी, वेल्डिंग : गावातल्या छोट्या धंद्यांना वीज आणि गॅस परवडेनासा झालाय (खान्देश)

दादरची_भाकर

राम राम मंडळी.

आमची पिठाची गिरणी आहे, पारोळा तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आतल्या गावात. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी आणि आमचे हे चालवतो. एक दळणाची चक्की आणि एक मिरची-मसाल्याचं कांडप, दोन्हीला १० एचपीच्या मोटरी. शहरातल्या लोकांना वाटतं गिरणी म्हणजे बसल्या जागी रोजचा गल्ला. तसं राहिलेलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

आमच्या धंद्याची खरी कमाई होळीपासून मे अखेरपर्यंत. काळा मसाला, मिरची, हळद, पापडाचं उडीद, शेवयांचा गहू, सगळं तेव्हाच येतं. एकदा पाऊस लागला की उरतं फक्त रोजचं दळण. दादर (आमच्याकडची रब्बी ज्वारी), बाजरी, कळणा (ज्वारी-उडदाचं मिश्रण), थोडे गहू. श्रावणात तर चक्की दिवसातून तास-दीड तास फिरते. पण बिलातला स्थिर आकार श्रावण ओळखत नाही, तो वैशाखात तेवढा आणि श्रावणातही तेवढाच. त्यात सुरक्षा ठेवीचं जादा बिल नेमकं पेरणीच्या तोंडावर हातात पडतं. त्या वेळी गावात कोणाकडेच रोख पैसा नसतो. उधारीचं दळण वहीत लिहायचं आणि वीजबिल मात्र तारखेच्या आत भरायचं.

लोक म्हणतात, दळणाचा दर वाढवा. कोणासाठी वाढवू? ज्यांची ऐपत होती त्यांनी घरघंटी घेतली. ते आता फक्त मसाल्यापुरते येतात. रोजच्या दळणाला येतात ते मजूर, विधवा बायका, भिल्ल वस्तीवरची माणसं. पाच किलो ज्वारी आणतात, कधी दोन किलो. किलोमागे रुपया वाढवला तर ती बाई डबा परत नेत नाही, पण पुढच्या वेळी पाचाऐवजी तीनच किलो आणते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. माझं बिल भागवायला तिच्या ताटातली भाकरी कमी होणार असेल तर तो दर मी कोणत्या तोंडाने लावू?

शेतीपंपाला सवलत आहे, घराच्या छपरावरच्या सोलरला सवलत आहे, मोठ्या कारखान्यांसाठी वेगळी धोरणं आहेत. गावातल्या गिरणीवाल्याचं, वेल्डिंगवाल्याचं, भट्टीवाल्याचं नाव कुठल्या यादीत आहे?

तुम्ही कसं भागवताय ते लिहा. आकड्यांसकट लिहिलंत तर फार बरं. सोलर बसवलेलं कोणी असेल तर त्यांनी नक्की लिहा.

---

सावदेकर_वेफर्स

ताई, मनातलं लिहिलंत.

माझं केळी वेफर्सचं काम. कच्ची केळी दारात मिळतात, रावेर-यावल पट्टा आहे, त्याची चिंता नाही. मारतो तो गॅस आणि त्याच्या मागोमाग तेल. वेफर्सला कढई एकसारखी तापलेली लागते. आच मंदावली की वेफर तेल पितं आणि मऊ पडतं, तो माल कोणी घेत नाही. म्हणजे गॅस वाचवायला जावं तर तेल जास्त जातं.

१९ किलोच्या व्यापारी सिलिंडरचा भाव महिन्याच्या १ तारखेला बदलतो. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के, व्यापारीवर १८ टक्के. मोठा कारखानदार हा कर पुढे वळता करून घेतो. माझ्यासारख्या बिगरनोंदणीवाल्याला तो पूर्ण सोसावा लागतो. काही जण घरगुती टाक्या लावतात, मला माहीत आहे. तो गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उकळत्या तेलाच्या कढईशेजारी असला जुगाड करणं जिवावरचं आहे. त्या वाटेला कोणी जाऊ नका.

मी दोन भट्ट्यांपैकी एक पांढऱ्या कोळशावर नेली. पऱ्हाट्या, भुईमुगाची टरफलं, भुसा दाबून ज्या कांड्या करतात त्या. आपल्याकडे कपाशी इतकी की पऱ्हाट्यांना तोटा नाही, शेतकरी बांधावर पेटवून देतात. जाळी आणि छोटा ब्लोअर लावावा लागतो, राख रोज काढावी लागते. सवय व्हायला वेळ लागला, पण त्या भट्टीचा इंधनखर्च गॅसपेक्षा बराच खाली आला. फक्त पावसाळ्यात कांड्या ओल्या झाल्या की सगळं मुसळ केरात. साठवायला कोरडी खोली पाहिजेच.

आणि एक. दीपनगरच्या चिमण्या आमच्या भागातून दिसतात. भुसावळजवळचं एवढं मोठं औष्णिक केंद्र. पलीकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर पवनचक्क्या, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प. वीज तयार करायला खान्देशची जमीन, खान्देशचं पाणी, खान्देशचं ऊन चालतं. मग इथल्या गावात संध्याकाळी पुरेसा व्होल्टेज का मिळू नये? हा प्रश्न मी प्रत्येक निवडणुकीत विचारतो आणि पुढेही विचारणार.

---

पांझराकाठ

खरं शे ताई. बठ्ठा गावसमां हीच गत शे.

---

धरणगाव_वर्कशॉप

वेल्डिंग, ट्रॉली, नांगराचे फाळ, खिडक्या-दारं. माझी अडचण दराइतकीच व्होल्टेजची आहे. रब्बीत शेतीपंप सुरू झाले की दिवे पिवळे पडतात. वेल्डिंगचा आर्क धरत नाही, टाका कच्चा बसतो. मग तेच काम पुन्हा करायचं. रॉड दुप्पट, युनिट दुप्पट, मजुरी एकदाचीच.

गेल्या वर्षी डीपी (गावाचं रोहित्र) जळाली तेव्हा दुरुस्त होईपर्यंत भाड्याचं जनरेटर आणलं. ट्रॉलीचं काम अंगावर घेतलेलं, ऊस तोडणीची तारीख ठरलेली, थांबता येत नव्हतं. डिझेलवर काढलेलं युनिट बिलातल्या युनिटच्या दोन-अडीच पट पडतं. त्या कामात हाती काही उरलं नाही.

---

निवृत्त_लाइनमन

मी आयुष्यभर खांबावर चढलो, आता घरी असतो. तिघांचं वाचलं. थोडं सविस्तर लिहितो, कारण यातलं काही आपल्या हातात आहे आणि काही नाही. दोन्ही वेगळं ओळखलं पाहिजे.

आधी गिरणी. १० एचपी म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट. मोटर पूर्ण भारावर तासभर चालली की आठ-साडेआठ युनिट जातात. पण चक्की रिकामी फिरते तेव्हा मीटर थांबत नाही. एक डबा झाला, दुसरा यायचा आहे, म्हणून मोटर तशीच चालू ठेवली की त्या फिरण्याचे पैसे कोणीच देत नाही. डबे ठेवून घ्यायचे, सकाळी एक पाळी, संध्याकाळी गरज पडली तर दुसरी. गावाला आठ-दहा दिवसांत सवय होते. दगडांना वेळेवर टाकी लावा, म्हणजे टाचून घ्या. बोथट दगडावर दळण उशिरा निघतं, पीठ तापतं आणि युनिट जास्त जातात. पट्टा सैल असेल तर मोटर फिरते, दगड मागे राहतो.

मोटर किती वेळा भरून आणली आहे? दोन-तीनदा रिवाइंडिंग झालेली जुनी मोटर तेवढ्याच कामाला जास्त वीज घेते. पुन्हा जळाली तर भरण्यापेक्षा चांगल्या कार्यक्षमतेची नवी घ्यायचा विचार करा, पाटीवर आयई-३ (कमी वीज खाणारा वर्ग) असं लिहिलेली मागा.

कपॅसिटरबद्दल खूप गैरसमज आहेत. १० एचपीच्या मोटरला ३-४ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की प्रवाह कमी होतो, वायर कमी तापते, तुमच्या टोकाला व्होल्टेज थोडा सुधारतो, मोटर जास्त टिकते. म्हणून तो लावाच. पण छोट्या जोडणीचं बिल युनिटवर असतं, त्यामुळे बिल एकदम निम्मं होईल अशी आशा ठेवू नका. आठवडी बाजारात किंवा मोबाइलवर 'प्लगमध्ये लावा, ४० टक्के वीज वाचवा' म्हणून जी डबी विकतात तिच्यावर एक रुपयाही घालू नका. आत एक दिवा आणि एक बारीक कपॅसिटर असतो, बाकी काही नाही.

आता जे तुमच्या हातात नाही ते. लघुदाबाला व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या ६ टक्के वर-खाली चालतो. थ्री फेजला ४१५ धरलं तर ३९० च्या खाली जायला नको. वर्कशॉपवाल्या भाऊंनी संध्याकाळी मीटरवरचा आकडा फोटो काढून ठेवावा, तारीख-वेळेसकट, आणि लेखी तक्रार द्यावी. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलायचं, असं वीज नियामक आयोगाच्या नियमात आहे. न बदललं तर भरपाईची तरतूद आहे, पण ती मागावी लागते. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, तोच पुढे पुरावा होतो.

आणखी एक बघा. तुमची जोडणी गावठाण फीडरवर (गावात वीज आणणाऱ्या वाहिनीवर) आहे की शेती फीडरवर? गावाबाहेर, मळ्यात किंवा फाट्यावर ज्यांचे धंदे आहेत ते बरेचदा शेती फीडरवर अडकलेले असतात. तिथे थ्री फेज दिवसा ८ तास किंवा रात्रीच मिळते. धंदा त्या वेळापत्रकावर चालू शकत नाही. फीडर बदलून मिळतो का, ते अंतर बघून अर्ज करा.

---

कापूस_केळी

मी शेतकरी. एक गोष्ट बोलू का? अशा चर्चेत शेवटी सगळे शेतकऱ्याच्या मोफत विजेवर येतात. ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून बिल नाही हे खरं आहे. पण त्या विजेची वेळ बघा. रात्री दोनला उठून केळीच्या बागेत साप-विंचवात पाणी द्यायला जातो, ते कोणी मोजत नाही. आणि केळीला भाव पडला, कापूस व्यापाऱ्याने मातीमोल घेतला, की ताईंच्या वहीतली उधारी आमच्याच नावावर चढते.

---

दादरची_भाकर

भाऊ, तुमच्यावर बोट नाहीच. माझं माहेर शेतकऱ्याचंच. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला की माझी वही कोरी होते, हे मला कोणी शिकवायला नको. मला एवढंच म्हणायचंय की तुमच्या पंपाला, घराच्या दिव्याला आणि माझ्या चक्कीला सरकार तीन वेगळ्या खणांत टाकतं आणि तिसऱ्या खणाकडे बघतच नाही. दादर तुमच्या शेतात मोफत विजेवर पिकली तरी तिची भाकरी व्हायला ती माझ्या चक्कीतूनच जाते.

---

हिशोबनीस_जळगाव

ताईंचा 'खणा'चा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे वीजदरांत आडवं अनुदान चालतं. काही वर्गांना खर्चापेक्षा कमी दर आणि ती तूट उद्योग-व्यापाराच्या दरात. मोठा उद्योग यातून वाट काढतो. स्वतःचा सौर प्रकल्प उभारतो, बाहेरून वीज घेतो, आयोगाच्या सुनावणीला वकील पाठवतो. २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांसाठी वीजदर सवलत जाहीर झाली. तिचा मोठा वाटा कोणत्या भागाकडे गेला यावर आपल्याकडच्या उद्योजकांनी वेळोवेळी आवाज उठवला. पण त्या सगळ्या चर्चेत गावातली गिरणी कुठेच नव्हती. तिच्या वतीने बोलणारी संघटनाच नाही.

आता कामाचं. मी छोट्या धंद्यांचे हिशोब बघतो. कोणी बिल घेऊन आलं की आधी रक्कम बघत नाही, दराचा वर्ग बघतो. लघुदाबात घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक, कृषी असे वर्ग आहेत आणि वाणिज्यिकचा दर औद्योगिकपेक्षा चढा असतो. वर विद्युत शुल्क : घरगुतीला १६ टक्के, वाणिज्यिकला २१ टक्के, उद्योगाला त्याहून बरंच कमी. म्हणजे वर्ग चुकला तर दोन्हीकडून मार.

आयोगाच्या दर आदेशात लघुदाब औद्योगिक वर्गात पिठाची गिरणी, डाळ मिल, पोहा मिल, मसाला गिरणी, लाकडाची वखार-गिरणी, बर्फाचा कारखाना, दूध शीतकरण केंद्र, इंजिनिअरिंग वर्कशॉप, छापखाना ही नावं चक्क लिहिलेली आहेत. शेतमालाचं शीतगृह आणि कोंबडीपालन 'कृषी-इतर' मध्ये येतं. सलून, हॉटेल, किराणा, झेरॉक्स हे वाणिज्यिक.

दुसरं, मंजूर भार. २० किलोवॅट ही मोठी रेषा आहे, म्हणजे साधारण २७ एचपी. तिच्या आत स्थिर आकार जोडणीमागे ठरलेला असतो, तिच्यावर गेलं की मागणीनुसार केव्हीएवर आकारतात आणि युनिटचा दरही बदलतो. ताई, तुमच्या दोन मोटरी मिळून १५ किलोवॅट, तुम्ही आत आहात. तिथे भार आणखी कमी करून स्थिर आकार घटणार नाही. पण कोणी एकेकाळी तिसरं यंत्र होतं म्हणून २२-२५ किलोवॅट मंजूर करून ठेवला असेल आणि ते यंत्र आता भंगारात असेल, तर भार कमी करून घ्यायचा अर्ज आजच द्या.

तिसरं, सुरक्षा ठेव. दर महिन्याला बिल येत असेल तर मागच्या वर्षाच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट ठेव, असा २०२१ च्या विनियमांचा हिशोब आहे. ती हप्त्यांत भरता येते, मागावं लागतं. ठेवीवर व्याज मिळतं आणि ते बिलात वळतं होतं. ते वळतं झालंय का, बघा.

---

धरणगाव_वर्कशॉप

हिशोबनीस भाऊ, लिहिलंत तसं बिल काढून बघितलं. माझ्या बिलावर वाणिज्यिक आहे. वर्कशॉप सुरू झालं तेव्हापासूनची बिलं पेटीत आहेत, सगळ्यांवर तेच. आता काय करू?

---

हिशोबनीस_जळगाव

घाबरू नका, बिलं जपून ठेवलीत हे फार चांगलं केलंत. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? नसेल तर आधी ती करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. उद्यम प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, यंत्रांचे फोटो लावून वीज कंपनीच्या उपविभागाला वर्ग बदलाचा अर्ज द्या आणि आवक-क्रमांकाची पोच घ्या. जागेची पाहणी होईल. दुकानात नुसती विक्री दिसता कामा नये, काम दिसलं पाहिजे.

अर्ज दिल्यापासून पुढचं तर दुरुस्त होईलच. मागचं जादा घेतलेलंही लेखी मागा. वीज कायदा २००३ च्या कलम ६२(६) प्रमाणे ठरलेल्या दरापेक्षा जास्त वसूल केलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. ऐकलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तिथे वकील लागत नाही, साध्या मराठीत अर्ज चालतो. पण कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून रेंगाळू नका. मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल.

आणि सगळ्यांसाठी : थकबाकीवरून जोडणी तोडायची तर १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते, कलम ५६. कोणी फोनवर 'संध्याकाळी कापतो' म्हणालं तर नोटीस मागा. सध्या तसेच फोन करून मोबाइलमधून पैसे काढणारे भामटेही फिरतायत.

---

शहादा_दूध

मी गावातलं दूध संकलन केंद्र बघते. आमच्याकडे बल्क कूलर आहे. आमचं दुखणं असं की दूध सकाळ-संध्याकाळ येतं आणि दोन्ही वेळेला लगेच ४ अंशांपर्यंत उतरवावं लागतं. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना कूलरचा कॉम्प्रेसर बंदच होत नाही. तेव्हाच लाइट जास्त जाते. लाइट गेली की जनरेटर, आणि डिझेलचा पैसा दुधाच्या भावात कुठेच धरलेला नाही. दूध नासलं तर नुकसान बायकांचं, ज्यांच्या दारात दोन म्हशी आहेत आणि ज्यांचा महिना त्या दुधावर चालतो.

आम्ही दोन गोष्टी केल्या. कूलरच्या खोलीवर पत्रा होता, त्यावर पांढरा चुना-रंग मारला आणि पश्चिमेला ताटवे उभे केले. कंडेन्सरची जाळी दर आठवड्याला ब्रशने साफ करतो, आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीतच आहे. कॉम्प्रेसर थांबायला लागला. खर्च जवळजवळ काहीच नाही.

---

शिरपूर_सोलर

ताईंनी सोलरचं विचारलंय. माझी तेलघाणी आहे, छपरावर सोलर आहे, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे पीएम सूर्यघरचं अनुदान, ७८ हजारांपर्यंतचं, ते फक्त घरगुती जोडणीला आहे. धंद्याच्या जोडणीला नाही. दारात येऊन 'गिरणीलाही मिळवून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. मला आलेली दरपत्रकं किलोवॅटला ५० ते ६० हजारांच्या दरम्यान होती. सप्टेंबर २०२५ पासून सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, दरपत्रकात तो धरलाय का बघा. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, पण फार तापलं की पॅनेलची क्षमता घटते, त्यामुळे मे महिन्यात वाटतं तेवढं मिळत नाही. धूळही खाते, पुसत राहावं लागतं.

ताई, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, कारण विक्रेते हे सांगत नाहीत. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही न वापरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण ३१ मार्चपर्यंतच. १ एप्रिलला पाटी कोरी होते आणि शिल्लक युनिटचे पैसे कमी दराने मिळतात. तुमचा हंगाम होळी ते मे. म्हणजे पावसाळा-हिवाळ्यात साठवलेलं युनिट एप्रिल-मेच्या मसाल्याला वापरताच येत नाही, नेमका त्याच्या आधी हिशोब संपतो. म्हणून मोठा संच घेऊ नका. वर्षभराच्या रोजच्या दळणाला पुरेल एवढाच घ्या, हंगामाची जादा वीज विकतच घ्या. वर्षाचं एकूण युनिट भागिले बारा, असा सरळ हिशोब विक्रेता करून देतो. तो तुमच्या धंद्याला लागू नाही.

स्थिर आकार सोलर लावूनही राहतो. आणि लाइट गेली की साधा ग्रिडवरचा सोलरही बंद पडतो, बॅटरी नसेल तर. शहाद्याच्या ताईंनी हे ध्यानात ठेवावं, सोलर त्यांच्या जनरेटरची जागा घेणार नाही.

पैसा : मी बँकेचं कर्ज घेतलं. मुद्रा कर्जाचा किशोर गट ५ लाखांपर्यंत आहे. खाद्यप्रक्रियेत असाल तर पीएमएफएमई ही छोट्या खाद्यउद्योगांची केंद्राची योजना बघा, यंत्रसामग्रीला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. जळगाव जिल्ह्याचं 'एक जिल्हा एक उत्पादन' केळीच आहे, सावदेकर भाऊंनी तर अर्ज करायलाच हवा. मसाला गिरणीलाही दार बंद नाही. कृषी विभागाचे जिल्हा संसाधन व्यक्ती असतात, प्रकल्प अहवाल तेच करून देतात, त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

---

सावदेकर_वेफर्स

मला वाटत होतं पीएमएफएमई फक्त कंपन्यांना आणि गटांना आहे.

---

शिरपूर_सोलर

नाही, एकट्या मालकालाही आहे. फक्त बँक कर्ज मंजूर व्हायला हवं आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. खरी अडचण बँकेतच येते. दोन-तीन शाखा फिरायची तयारी ठेवा, आणि 'साहेब नाहीत' म्हणाले तरी अर्ज पोर्टलवर आहे हे सांगा.

---

दादरची_भाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या बिलावर औद्योगिकच आहे, तेवढं बरं. ठेवीवरचं व्याज मात्र मला बिलात सापडेना, ते विचारायला जाणार आहे.

दळणाच्या वेळा ठरवायचं आम्ही बोलून पाहिलं. सकाळी चालेल म्हणाल्या सगळ्या. पण शेतमजूर बायका सकाळी सातला कामावर जातात आणि अंधार पडल्यावर डबा घेऊन येतात, त्यांना रात्रीच्या भाकरीला पीठ लागतं. त्यांच्यासाठी संध्याकाळचा एक तास ठेवावाच लागेल, मोटर अर्धी रिकामी फिरली तरी. लाइनमन आप्पा, तो तास मी वाचवू शकत नाही.

---

निवृत्त_लाइनमन

वाचवू नका ताई. तो तास ठेवाच. एक करता येईल. संध्याकाळच्या थोड्या दळणाला १० एचपी फिरवायची गरज नाही. जुन्या बाजारात ३ एचपीची छोटी चक्की मिळते. दोन-दोन किलोचे डबे तिच्यावर घ्या. २० किलोवॅटच्या आतच राहतंय, पण बसवायच्या आधी भार वाढल्याचं कार्यालयात कळवा.

---

एरंडोलची_लेक

माझा एक छोटा प्रश्न आहे, वेगळा धागा काढत नाही. आई घरीच पापड आणि कुरडया करून विकते, सोबत एक घरघंटी आणि छोटा फ्रीज आहे. शेजारच्यांनी घाबरवलंय की घरच्या मीटरवर धंदा केला म्हणून दंड होईल. दुसरी जोडणी घ्यावी लागेल का? तिचं बिल महिन्याला दीड-दोनशे युनिटचं येतं.

---

हिशोबनीस_जळगाव

नाही लागणार. घराच्याच एका भागात धंदा करणाऱ्यांसाठी आयोगाच्या आदेशात स्पष्ट सवलत आहे : महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागतो. वर्ष संपलं की पुन्हा तपासतात. आईला एवढंच सांगा की उन्हाळ्यात कुलर आणि घरघंटी मिळून एखाद्या महिन्यात ३०० ओलांडलं जात नाही ना, यावर लक्ष ठेवायचं. मार्चमध्ये मागच्या बारा बिलांची बेरीज करून कागदावर लिहून ठेवा. कोणी तपासायला आलं तर तो कागद आणि बिलं दाखवा.

---

एरंडोलची_लेक

बारा बिलांची बेरीज आत्ताच केली, २,१०० च्या आत आहे. आईला वाचून दाखवलं. धन्यवाद दादा.